फलक आणि बैठक

विलायतेत मुलाबाळांकडे चार-सहा महिने राहून परतलेल्या आपल्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : "त्या लोकांनी जुने सारे कसे जपून ठेवले आहे, आणि आपण मात्र!" वाक्याचा उत्तरार्ध बहुधा मान हलवून पुरा केला जातो. आपल्या मंडळात गेल्या काही वर्षांत वाचल्या गेलेल्या प्रवासवर्णनांपैकी निम्म्याअधिकांचा समारोप याच सुरात झाला आहे. शेक्सपिअरचे घर झाले, डिकन्सची खुर्ची झाली. आता केंब्रिजमधल्या 'ईगल' नावाच्या पबची पाळी आली आहे. "जिथे डीएनएचा शोध लागला तो पब आम्ही पाहिला" असे सांगणारे किमान तीन स्नेही मला ठाऊक आहेत. त्यांचे ऐकताना श्रोत्यांचे दोन तट पडतात. एक तट भक्तिभावाने हात जोडतो. दुसरा तट, "अहो, पण गुत्ताच ना तो शेवटी!" म्हणून नाक मुरडतो.

हे दोन्ही तट सारखेच चुकत आहेत असे माझे मत आहे. पहिल्याला भिंतीवरचा फलक दिसतो, दुसऱ्याला मेजावरचा पेला दिसतो. त्या मेजाभोवती कोण बसत असे, आणि कोणाला बसता येत नव्हते, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. माझ्या मते त्या जागेविषयी विचारण्याजोगा प्रश्न तेवढाच आहे.

प्रथम त्या जागेविषयी. केंब्रिजच्या बेनेट स्ट्रीट या लहानशा रस्त्यावर, सॅक्सन काळातील मनोरा असलेल्या सेंट बेनेट चर्चच्या समोर हा पब आहे. सतराव्या शतकापासूनची ही जागा. एके काळी घोडागाड्यांचा उतारा तेथे असे, म्हणून मध्ये मोकळा चौक आणि वर लाकडी सज्जा अशी तिची बांधणी आहे. आपल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. जागेची मालकी कॉर्पस क्रिस्टी या महाविद्यालयाकडे आहे. काही वर्षांपूर्वी मी तेथे दुपारच्या वेळी गेलो, तेव्हा एका मेजावर आजी, सून आणि दोन नातवंडे मासे व बटाट्याचे काप खात होती, दुसऱ्यावर दोन विद्यार्थी वह्या पसरून वाद घालीत होते. मी चहा मागितला. कोणाचीही भुवई न उंचावता तो मिळाला. ज्यांच्या डोळ्यांसमोर 'पब' म्हणताच हिंदी चित्रपटातला झगमगाट उभा राहतो, त्यांनी हे चित्र ध्यानात घ्यावे. 'पब्लिक हाउस' या नावातच सर्वांसाठीचे घर हा अर्थ आहे. तो अर्थ कितपत खरा ठरला, ते पुढे पाहू.

आता फलकाविषयी. आतल्या मेजाजवळचा मजकूर असे सांगतो की, २८ फेब्रुवारी १९५३ रोजी याच ठिकाणी फ्रान्सिस क्रिक आणि जेम्स वॉटसन यांनी आपल्या शोधाची वार्ता प्रथम जाहीर केली. बाहेरचा निळा फलक शोधाच्या पन्नासाव्या वर्षी, २००३ साली, लागला. जीवनाचे रहस्य आम्हाला सापडले, असे क्रिक दुपारच्या जेवणाच्या वेळी मोठ्याने म्हणाले, ही कथा जगभर झाली ती वॉटसन यांच्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द डबल हेलिक्स' या पुस्तकामुळे. मौज अशी की, ज्यांच्या तोंडी हे वाक्य घातले गेले त्या क्रिक यांनी १९८८ सालच्या आपल्या आत्मकथनात, असे काही बोलल्याचे आपल्याला मुळीच स्मरत नाही, असे लिहून ठेवले आहे. घरी जाऊन पत्नीला सांगितल्याचे मात्र त्यांना स्मरत होते. म्हणजे फलक ज्या क्षणाची साक्ष देतो, त्या क्षणाचा नायकच साक्ष द्यायला तयार नाही. सरकारी नोकरीत चौतीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला अशा नोंदीवर एकच शेरा सुचतो : पुराव्याअभावी.

तथापि फलकात खोटे असेल ते एका दिवसापुरते. खरे आहे ते त्याहून मोठे आहे आणि भक्तांच्या नजरेतून नेमके तेच निसटते. हे दोघे जवळच्या फ्री स्कूल लेनमधल्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करीत, आणि आठवड्यातले बहुतेक दिवस दुपारी जेवायला येथे येत. वॉटसन तेव्हा चोविशीतला अमेरिकन पोरगा. क्रिक छत्तीस वर्षांचे, युद्धामुळे शिक्षण लांबलेले, पीएच.डी. अजून पदरात पडायची होती. प्रयोगशाळेत कोण कोणाच्या हाताखाली, हे ठरलेले असते. जेवणाच्या मेजावर तसे नसते. तेथे अर्धवट कल्पना बोलून दाखवता येते, ती दुसऱ्याने हाणून पाडली तरी अपमान होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच कल्पना सुधारून पुन्हा मांडता येते. शोध प्रयोगशाळेतच लागला, पण वादाला धार आली ती अशा रोजच्या बसण्याने. ईगलचे खरे ऐतिहासिक कार्य एका दिवसाच्या घोषणेत नाही. ते शेकडो दुपारींच्या त्या साध्या जेवणांत आहे. जेवणांना फलक लावता येत नाही, म्हणून घोषणेला लावला गेला.

आणि येथेच माझा खरा मुद्दा सुरू होतो. त्या मेजावर रोझलिंड फ्रँकलिन नव्हत्या.

डीएनएची रचना उलगडण्यासाठी जो प्रायोगिक पुरावा लागला, त्याचा फार मोठा भाग लंडनच्या किंग्ज कॉलेजात फ्रँकलिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिळवला होता. त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी मे १९५२ मध्ये घेतलेले, पुढे 'छायाचित्र ५१' म्हणून गाजलेले चित्र जानेवारी १९५३ मध्ये मॉरिस विल्किन्स यांनी वॉटसनना दाखवले, ते फ्रँकलिन यांच्या अपरोक्ष. त्यांची मोजमापे एका अहवालाच्या द्वारे केंब्रिजच्या जोडीपर्यंत पोहोचली. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये केंब्रिजचा शोधनिबंध पुढे आणि लंडनचे दोन निबंध त्यामागे असे छापले गेले, तेव्हा वाचकाला वाटले की मागचे दोन पुढच्याला दुजोरा देत आहेत. वस्तुतः पुढचा निबंध मागच्यांच्या आधारावर उभा होता. १९५८ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी फ्रँकलिन निवर्तल्या. १९६२ सालचे नोबेल क्रिक, वॉटसन आणि विल्किन्स यांना मिळाले. मृतांना नोबेल देत नाहीत, हा नियम खरा. पण कृतज्ञता व्यक्त करायला कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती.

फ्रँकलिन यांना केवळ बिचारी ठरवणेही अन्यायाचे होईल. त्या अव्वल दर्जाच्या शास्त्रज्ञ होत्या आणि स्वतःच्या बळावर त्या रचनेच्या फार जवळ पोहोचल्या होत्या. त्यांना जे लाभले नाही, ते बुद्धी नव्हे, उपकरण नव्हे. ते होते रोज दुपारी वाद घालायला समोर बसणारे बरोबरीचे माणूस. किंग्ज कॉलेजात अध्यापकवर्गाचा एक विश्रामकक्ष केवळ पुरुषांसाठी होता. स्त्रीपुरुष दोघांना खुले भोजनगृह तेथे होते, हेही नमूद केले पाहिजे. पण भोजनानंतर गप्पा जिथे रंगत, त्या खोलीचे दार त्यांना बंद होते. विल्किन्स यांच्याशी त्यांचे पटत नव्हते, आणि न पटणाऱ्या दोघांना एकत्र आणील असे मेज त्या संस्थेत नव्हते.

केंब्रिज तर त्यांचे स्वतःचे गाव म्हणावे असे. १९३८ ते १९४१ ही वर्षे त्या तेथल्या न्यूनहॅम महाविद्यालयात शिकल्या. परंतु स्त्रियांनी परीक्षा द्यावी, उत्तीर्ण व्हावे, आणि पदवी मात्र नावापुरती घ्यावी, विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व मागू नये, असा त्या विद्यापीठाचा शिरस्ता १९४८ सालापर्यंत चालला. आपल्या रँग्लर परांजपे यांचे नाव येथे आठवल्यावाचून राहत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झाले, आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. आपण याचा अभिमान बाळगतो व तो रास्त आहे. पण त्यापूर्वी नऊ वर्षे, १८९० साली, न्यूनहॅमच्या फिलिपा फॉसेट यांना त्याच परीक्षेत सीनिअर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळाले होते. निकाल जाहीर झाला, टाळ्या झाल्या, आणि तो किताब मात्र त्यांच्यामागे आलेल्या पुरुषाला गेला. रँग्लरांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे १९२०च्या दशकात त्याच न्यूनहॅममध्ये गणित शिकल्या, तेव्हाही शिरस्ता तोच होता. परतंत्र देशातल्या, कोकणातल्या खेडेगावच्या ब्राह्मण मुलाला ज्या मेजावर जागा मिळाली, त्या मेजावर त्यांच्या स्वतःच्या लेकींना नव्हती. जो मेजावर बसला नाही, तो फलकावर आला नाही. फलक हा बैठकीचा उतारा असतो; मूळ दप्तरात नाव नसेल तर उताऱ्यात येणार कुठून?

पुढे काय झाले, ते अधिक बोलके आहे. कोणीतरी अनाम माणसाने त्या निळ्या फलकावर 'अधिक फ्रँकलिन' अशा अर्थाची खूण आपल्या हाताने जोडून दिली. कायद्याच्या भाषेत हे सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण. परंतु पुढे नव्या फलकावर त्यांच्या नावाला जागा मिळाली. मला त्या पबमधली जपण्याजोगी गोष्ट म्हणून कोणी विचारले, तर मी हीच सांगेन : तेथला फलक दुरुस्त होऊ शकतो. आपल्याकडे कोनशिला एकदा बसली की ती वेदवाक्य होते. नोकरीच्या काळात अशा बऱ्याच कोनशिला मी बसताना पाहिल्या आहेत. उद्घाटकाचे नाव चार इंची अक्षरांत, आणि ज्याच्या स्मरणार्थ इमारत उभी राहिली त्याचे दीड इंची अक्षरांत. एका तालुक्याच्या गावी तर स्मृतिपुरुषाचे नाव चुकीचे कोरले गेले होते. दुरुस्तीचा प्रस्ताव दोन वर्षे फिरून 'उद्घाटन झालेले असल्याने आता बदल उचित नाही' या शेऱ्यासह परत आला.

ईगलमध्ये आणखी एक लेख आहे, आणि फलक पाहून घाईने बाहेर पडणाऱ्यांना तो दिसत नाही. मागच्या दालनाचे छत वर पाहावे. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या विमानतळांवरचे ब्रिटिश आणि अमेरिकन विमानसैनिक येथे येत. मेजावर चढून, लायटरच्या आणि मेणबत्तीच्या धुराने, कोणी ओठांना लावायच्या रंगानेही, त्यांनी आपली नावे आणि तुकड्यांचे क्रमांक छतावर लिहिले. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ विमानसैनिक त्या युद्धात कामी आले. छतावर लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण परत मेजावर बसायला आले नसतील. या लेखाचे उद्घाटन कोणी केले नाही. बसणाऱ्यांनी स्वतः स्वतःची नोंद केली, आणि नंतरच्या लोकांनी ती पुसली नाही, एवढेच. वर छत आणि खाली फलक, अशी दोन प्रकारची स्मारके एकाच घरात आहेत. पर्यटक ज्याचे छायाचित्र काढतात, ते दोहोंतले हलके स्मारक आहे.

कोणी म्हणेल, फलकामुळेच तर जागा वाचते. हेही तपासून पाहू. ऑक्सफर्डमधील सेंट जाइल्स या रस्त्यावर 'ईगल अँड चाइल्ड' नावाचा पब आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे टॉल्किन, 'नार्निया'चे सी. एस. लुइस आणि त्यांचा 'इंकलिंग्ज' हा मित्रमेळा मंगळवारी दुपारच्या सुमारास तेथे जमत असे. फलक आहे, कीर्ती जगभर आहे, यात्रेकरूंची वाण नव्हती. असे असूनही २०२० साली तो बंद पडला आणि २०२३ साली एका अमेरिकन उद्योगपतीच्या संशोधन संस्थेने ती वास्तू विकत घेतली. रस्त्याच्या पलीकडे 'लॅम्ब अँड फ्लॅग' नावाचा दुसरा जुना पब आहे. १९६२ साली पहिल्या पबची मोडतोड व सुधारणा झाल्यावर हा मित्रमेळा तेथे जाऊ लागला होता. सेंट जॉन्स महाविद्यालयाच्या मालकीचा हा पब. त्याच्या उत्पन्नातून विद्यापीठातल्या संशोधक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जात. महामारीच्या तोट्यामुळे जानेवारी २०२१ मध्ये तोही बंद झाला. तेव्हा तेथे नेहमी बसणाऱ्या गावकऱ्यांनी, लेखकांनी, दुकानदारांनी एकत्र येऊन वर्गणी काढली, महाविद्यालयाकडून तो भाडेपट्ट्याने घेतला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये दार उघडले. एकीकडे फलकाची कीर्ती होती, दुसरीकडे बसणाऱ्यांची गरज होती. दार लवकर कोणाचे उघडले, ते समोर आहे.

आता नाक मुरडणाऱ्या तटाकडे वळू. आपण गुजरातेत राहतो. १९६० साली हे राज्य जन्माला आले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे, आणि आपल्या घरांतल्या बहुतेकांना तिची कधी अडचण वाटली नाही. मी स्वतः मद्य घेत नाही आणि कोणी घ्यावे असे येथे सुचवतही नाही. पण "शेवटी गुत्ताच" असे म्हणून विषय मिटवणारे एक सोयीस्कर गृहीत धरतात : बैठक बिघडते ती पेल्याने, आणि आपल्याकडे पेला नसल्याने आपली बैठक आपोआप पवित्र. गावचा पार, वाड्याची ओसरी, पानसुपारीचे तबक, असे एक रम्य चित्र मग पुढे केले जाते. या चित्रातून काय पुसले गेले आहे, ते वडोदऱ्यात राहणाऱ्याने तरी विसरू नये.

सप्टेंबर १९१७. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले भीमराव आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी वडोदऱ्यास आले. या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्याने फर्मावले. एका हिंदू मित्राकडे आसरा मागितला, तर उत्तर मिळाले की, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राकडेही जमले नाही. मुंबईची गाडी निघेपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत बसून काढला. कचेरीत हाताखालचे लोक दुरून फायली टाकीत, हेही चरित्रकारांनी नोंदवले आहे. महाराजांनी १९०६ साली सक्तीचे मोफत शिक्षण संस्थानभर केले, १९१० पासून गावोगावी सर्वांना खुली ग्रंथालये काढली. त्यांच्या इच्छेविषयी शंका नाही. पण महाराजांच्या हुकमाने शाळेचे दार उघडते, घराचे दार उघडत नाही. त्या काळी हे शहर मराठी वाड्यांनी गजबजलेले होते. पेल्याचा वासही नसलेल्या, सोवळ्याच्या त्या साऱ्या ओसऱ्यांपैकी एकही त्या दिवशी, जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकून आलेल्या मराठी तरुणासाठी मोकळी नव्हती. त्याला बसायला मिळाले ते झाडाखाली.

इंग्रजांचे पब याबाबतीत धुतल्या तांदळाचे होते, असे मुळीच नाही. काळ्या माणसाला पेला देण्यास नकार देणारे पब तेथे होते, आणि १९६५ सालच्या वंशविषयक कायद्याने अशा सार्वजनिक जागांतली मनाई बेकायदा ठरवावी लागली. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एका प्रसिद्ध मद्यगृहात स्त्रियांना काउंटरपाशी उभे राहू देत नसत. त्यासाठी दोन स्त्रियांना न्यायालयात जावे लागले आणि १९८२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. सर्वांसाठीचे घर हे नाव खरे करायला त्या समाजाला कायदे करावे लागले आणि भांडणे करावी लागली. त्यांच्याकडून शिकायचेच असेल तर ही भांडणे शिकावीत. जुने लाकूड पॉलिश कसे करावे, हे आपल्या सुतारांना त्यांच्याहून चांगले ठाऊक आहे.

माझा रोख कोणाकडे आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. कमाठी बागेत आंबेडकर जेथे बसले ती जागा आज 'संकल्प भूमी' म्हणून ओळखली जाते. आपल्यापैकी कित्येक जण रोज सकाळी त्या बागेत फिरायला जातात. तेथे स्मारक झाले, योग्यच झाले. पण त्या स्मारकाला हार घालायला येणाऱ्या मराठी माणसांपैकी किती जण आपल्या मंडळाच्या सभागृहात कधी येऊन बसले? त्यांना बोलावले कोणी? खानदेशातून, विदर्भातून, मराठवाड्यातून येथल्या कारखान्यांत कामाला आलेली हजारो कुटुंबे या शहरात आहेत. त्यांच्या मराठीला आपण 'गावठी' म्हणतो, आणि त्याच श्वासात 'मराठीचे पुढे कसे होणार' म्हणून परिसंवाद भरवतो. आपली नातवंडे गुजराती वळणाचे मराठी बोलतात, म्हणून त्यांना आपण हसतो. मग ती यायची थांबतात, आणि आपण नव्या पिढीच्या अनास्थेवर लेख लिहितो.

शंभर वर्षांपूर्वी पूर्वजांनी वर्गणी करून उभारलेल्या अशाच एका संस्थेची वास्तू मी अलीकडे पाहिली. नाव लिहीत नाही; अशा वास्तू इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, कोठेही सापडतील. दर्शनी भिंतीवर देणगीदारांची चार संगमरवरी पाट्या भरून नावे होती. वाचनकक्षाला कुलूप होते. सभागृह लग्नसराईसाठी आरक्षित होते. शिपायाने मला बसायला खुर्ची दिली ती आचाऱ्यांच्या भांड्यांमधून वाट काढून. संस्था 'सुस्थितीत' आहे असे तिच्या वार्षिक अहवालात म्हटले होते, आणि ठेवींच्या आकड्यांवरून पाहता ते खरेही होते. अशा वास्तूचे चिटणीस विलायतेहून येऊन "त्यांनी कसे जपले आहे" असे म्हणतात, तेव्हा हसावे की रडावे, कळत नाही.

यावर मी सुचवतो ते अगदी साधे आहे, आणि त्याला अनुदान लागत नाही. सभागृहातला एक कोपरा लग्नाच्या आरक्षणातून कायमचा वगळावा. तेथे एक मोठे मेज आणि वीस खुर्च्या ठेवाव्यात. आठवड्यातून तीन संध्याकाळी दार उघडे ठेवावे, चहा रास्त दरात मिळावा, आणि बसणाऱ्याला सभासदत्वाची पावती, आडनाव, मूळ गाव यांपैकी काहीही विचारू नये. अध्यक्ष नको, सूत्रसंचालक नको, शाल-श्रीफळ तर नकोच. कारखान्यातल्या फिटरने आपली कविता वाचावी, महाविद्यालयातल्या मुलीने ती हाणून पाडावी, आणि निवृत्त मंडळींनी (माझ्यासकट) पहिली वीस मिनिटे तोंड मिटून ऐकावे. पहिले दोन महिने बहुधा कोणी येणार नाही. तरीही दार उघडे राहिले पाहिजे. क्रिक आणि वॉटसन पहिल्या दुपारच्या जेवणाला बसले, तेव्हा तेथे कोणी फलक घेऊन उभे नव्हते.

हा लेख वाचून कोणी म्हणेल की, देणगीदारांच्या पाट्यांचा मी अवमान केला. तसे नाही. त्या पाट्यांवरच्या माणसांनी पैसे दिले ते लोकांनी येऊन बसावे म्हणून. पाट्या वाचाव्यात म्हणून दिले नव्हते. त्यांच्या स्मृतीला आपण काय देणे लागतो, ते यातून स्पष्ट व्हावे. येत्या वार्षिक सभेपुढे वरील आशयाचा ठराव मी लेखी मांडणार आहे. ज्यांचा त्याला विरोध असेल त्यांनी तो सभेत उभे राहून मांडावा. ज्यांचा पाठिंबा असेल त्यांनी नुसते हात वर करून थांबू नये. येताना संस्थेत आजवर पाऊल न टाकलेला एक मराठी माणूस बरोबर आणावा.